मल्याळम कथांमधली टाकून दिलेली म्हातारी माणसं: वाचायला सुरुवात कशी करायची

सगळ्यात आधी नटसम्राट बाजूला ठेवा. नाटकाबद्दल काही तक्रार नाही, पण कुसुमाग्रजांनी १९७० साली अप्पा बेलवलकर उभे केले आणि तेव्हापासून आपल्या डोक्यात एक साचा फिट्ट बसलाय, बापानं होतं नव्हतं ते मुलांच्या नावावर केलं, मुलं फिरली, म्हातारा-म्हातारी रस्त्यावर. हाच साचा घेऊन मल्याळम कादंबरी उघडली की पहिल्या पन्नास पानांतच गडबड होते. कारण तिथं म्हाताऱ्याच्या नावावर वाटून टाकण्यासारखं बरेचदा काही नसतंच, बाप त्या घरात राहतच नाही, आणि सुरुवातीला ज्याला दाराबाहेर काढलंय तोच पोरगा शेवटी ते घर विकत घेऊन म्हाताऱ्यासमोर उभा राहतो. मग वाचणारा म्हणतो, अरे इथं अन्याय नक्की कुणावर झाला?

हा प्रश्न पडला पाहिजे. तो पडावा म्हणून कसं वाचायचं, काय आधी घ्यायचं, कुठं थांबायचं ते लिहितोय. मला मल्याळम लिपी येत नाही, सगळं भाषांतरातूनच वाचतो, इंग्रजी, हिंदी आणि नशीब असेल तर मराठी. साहित्य अकादमी आणि नॅशनल बुक ट्रस्टची जुनी भाषांतरं गावोगावच्या ग्रंथालयांत धूळ खात पडलेली असतात, ग्रंथपालांना 'अनुवादित'चं कपाट विचारा, कॅटलॉगवर विसंबू नका. आणि हो, खाली गोष्टी उघड सांगितल्यात, शेवटासकट. ज्यांना सस्पेन्स हवाय त्यांनी आधी पुस्तकं वाचून मग इकडं यावं.

घर कुणाचं आहे ते आधी बघा

पुस्तक उघडलं की पहिलं काम हेच. कोण चांगलं कोण वाईट ते नंतर.

जुन्या नायर घरांत मरुमक्कत्तायम चालायचं, म्हणजे वारसा आईकडून. घर (त्याला तरवाड म्हणतात) आजीचं, तिच्या मुलींचं, त्या मुलींच्या पोरांचं. मुलीचा नवरा त्या घरात पाहुणा, आणि मुलगा लग्न झाल्यावरही आईच्याच घरचा, त्याची स्वतःची पोरं मात्र बायकोच्या तरवाडात वाढणार. कारभार सगळा घरातल्या थोरल्या पुरुषाकडं, तो बहुतेक मामा असतो, त्याला कारणवर म्हणतात. कारणवर म्हणजे सोसायटीचा सेक्रेटरी समजा, चाव्या त्याच्याकडं, सही त्याची, आवाज त्याचा, पण बिल्डिंग काही त्याची नाही. आता हा माणूस आयुष्यभर भाच्यांना धाकात ठेवतो, कोठारातलं भात गुपचूप बायकोच्या घरी पोचवतो असा सगळ्यांचा त्याच्यावर संशय असतो, आणि म्हातारा झाल्यावर त्याला बघायचं कुणी? स्वतःच्या मुलांचा या घराशी संबंध नाही, भाचे तर वाटच बघतायत कधी एकदा वाटणी होते याची.

ती वाटणीही कायद्यानं आली. त्रावणकोरात १९२५ च्या नायर कायद्यानं, मलबारात (तो तेव्हा मद्रास प्रांतात होता) १९३३ च्या मरुमक्कत्तायम कायद्यानं, आणि शेवटी १९७५ साली केरळनं हिंदू एकत्र कुटुंब पद्धतच कायद्यानं मोडीत काढली. विसाव्या शतकातल्या मल्याळम कादंबरीत इतकी पडकी घरं, इतके कोर्टाचे दावे आणि कोपऱ्यात बसलेली इतकी म्हातारी माणसं का आहेत, याचं निम्मं उत्तर या तीन सालांत आहे. म्हणून कादंबरी कुठल्या भागातली आणि साधारण कोणत्या सालातली ते पहिल्या पानावर पेन्सिलनं लिहून ठेवा, फार उपयोग होतो.

ख्रिस्ती घरांत वेगळं. सिरियन ख्रिश्चनांत बापाचं मुलाला, आणि रिवाज असा की मूळ घर धाकट्याला मिळतं, आईबाप त्याच्याजवळ राहतात. मुलींना हुंडा देऊन वाटेला लावलेलं असायचं, बापाच्या इस्टेटीत त्यांना समान हक्क मिळाला तो १९८६ साली मेरी रॉय खटल्याच्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर. त्यामुळं ख्रिस्ती घरातली गोष्ट असेल तर धाकटा मुलगा काय करतोय तिकडं लक्ष ठेवा. तो परदेशी निघाला की आईबापाचं काहीतरी होणार हे केरळातल्या वाचकाला आधीच कळलेलं असतं, आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं.

मग नालुकेट्टु घ्या

एम. टी. वासुदेवन नायर यांची ही कादंबरी १९५८ ची, आणि या विषयासाठी यापेक्षा चांगली शाळा नाही. अप्पुण्णीच्या आईनं मनाविरुद्ध, म्हणजे घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून तरवाडानं तिला तोडलंय. बाप मेलेला. पोरगा एकदा त्या मोठ्या चौसोपी घरात जातो, आजी त्याला जवळ घेते, आणि थोरला मामा त्याला हाकलून देतो. इथपर्यंत सोपं आहे, आपण पोराच्या बाजूनं. पण पुढं हाच अप्पुण्णी आईबद्दल एक कुजबुज कानावर आली म्हणून आईला टाकून निघून जातो, जी बाई लोकांच्या घरी राबून त्याला वाढवते तिला. वायनाडला नोकरी करतो, पैसा साठवतो, परत येतो, आणि ज्या मामानं हाकललं होतं तोच कर्जात बुडालेला मामा आता घर विकायला निघालाय, ते अप्पुण्णी विकत घेतो. आईला घेऊन येतो. आणि म्हणतो, हे पाडून टाकू, उजेड आणि वारा येईल असं छोटं घर बांधू.

आता बसा आणि विचार करा. टाकलं कुणी कुणाला? घरानं मुलीला, मामानं भाच्याला, मुलानं आईला, आणि भाच्यानं, नीट पैसे मोजून, मामाला. माझं मत विचाराल तर त्या कादंबरीतला सगळ्यात टाकलेला म्हातारा तो मामाच आहे. एम. टी. त्याच्यासाठी एक थेंब पाणी काढत नाहीत, म्हणून तर तो डोक्यात राहतो. आमच्या कट्ट्यावर यावरून चांगलंच वाजलं होतं, एक काकू म्हणाल्या, त्याला कशाला म्हातारा म्हणायचं, तो खलनायक आहे. तर दोन्ही असू शकतो ना! खलनायकही म्हातारे होतातच की.

वाचताना एक छोटं काम करा, बुकमार्कवर नाती लिहून ठेवा. भाषांतरात ही हाक मारायची नावं बहुतेक तशीच ठेवतात आणि दहा पानांनी आपण हरवतो. मुत्तश्शी म्हणजे आजी, अम्मावन किंवा अम्मामा म्हणजे आईचा भाऊ, थोरला असेल तर वलियम्मामा. ख्रिस्ती घरांत अप्पच्चन आणि अम्मच्ची, मुसलमान घरांत बाप्पा (बाप) आणि उम्मा (आई). एवढं पुरे.

क्रूर मुलगा शोधत बसू नका, लाज शोधा

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडं व्हॉट्सॲपवर जे वृद्धाश्रमाचे मेसेज फिरतात त्यात सून दुष्ट असते, मुलगा बायकोच्या मुठीत असतो, आई जाताना सुद्धा मुलासाठी लाडू ठेवून जाते. असलं वाचून वाचून नजर बिघडते. चांगल्या मल्याळम लेखकांत मारहाण, उपाशी ठेवणं असलं फार कमी असतं, तिथं माणसाची लाज वाटायला लागते आणि तेवढ्यानं काम होतं.

यासाठी केशवदेव यांची ओडयिल निन्नु वाचा, १९४२ ची. पप्पू हातरिक्षा ओढणारा माणूस, तापट आणि मानी, कुणापुढं वाकायचं नाही हा लहानपणापासूनचा हट्ट. एकदा पळता पळता त्याच्या रिक्षाचा धक्का लागून एक लहान मुलगी गटारात पडते, हातातलं सामान सांडतं. तो तिला उचलतो, नुकसान भरून देतो म्हणतो, आणि तिथून त्या लक्ष्मीला आणि तिच्या विधवा आईला सांभाळायला लागतो. शाळेत घालतो. रिक्षा ओढून तिला शिकवतो. ती मोठी होते, चार चांगल्या घरच्या मुलींत वावरते, श्रीमंत मुलाच्या प्रेमात पडते आणि हा मळक्या कपड्यातला खोकणारा माणूस आपला कोण हे सांगायची तिला लाज वाटायला लागते.

पप्पू वयानं तसा म्हातारा नाही, रिक्षानं म्हातारा केलाय. रक्ताचं नातं नाही, कायद्यानं तो कुणीच नाही, उद्या कोर्टात गेला तरी पोटगी मिळणार नाही. म्हणूनच हे पुस्तक घ्या म्हणतो, कारण इथं कर्तव्य वगैरे शब्द चालतच नाहीत, राहतो तो फक्त उपकार, आणि उपकार केलेला माणूस समोर दिसत राहणं किती अवघड जातं ते. लक्ष्मीचे प्रसंग दोनदा वाचा. ती काय बोलते यापेक्षा कुणासमोर बोलते ते बघा, घरात पप्पूशी एकटी असताना आणि दुसरं कुणी आलं असताना, फरक पडतो. पप्पू शेवटी भांडत नाही, खोकत खोकत निघून जातो. ज्या माणसानं जन्मभर कुणाचं ऐकून घेतलं नाही तो इथं गप्प बसतो, मला तर हे त्याच्या आजारापेक्षा जास्त लागलं. यावर १९६५ साली सत्यन या नटाचा सिनेमाही आला, बघा, पण पुस्तकानंतर.

पोन्कुन्नम वर्की यांची शब्दिक्कुन्न कलप्पा (कलप्पा म्हणजे नांगर) ही कथा याच्याच शेजारी ठेवा. ऊसेफ नावाचा शेतकरी आणि त्याचा बैल कण्णन, दोघंही आता थकलेले. दिवस फिरतात, मुलीच्या लग्नाला पैसा हवा, बैल विकतो. नंतर लग्नाचे कपडे आणायला शहरात जातो आणि कत्तलखान्याच्या जनावरांत त्याला कण्णन दिसतो. कपड्यांचे पैसे देऊन बैल सोडवून घरी आणतो. घरी बायको आणि मुलगी, कपडे कुठायत? एवढीच गोष्ट. यात माणसाला कुणी टाकलेलं नाही असं म्हणाल, पण पोळ्याला बैलाच्या पाया पडणाऱ्या आपल्यासारख्यांना समजावून सांगायला नको की तो बैल घरातला थोरला होता. आणि ऊसेफनं आधी विकलाच होता, हे विसरून चालणार नाही. लोक रडतात सोडवण्याच्या प्रसंगाला, तुम्ही विकण्याच्या प्रसंगापाशी थांबा. गोष्ट तिथं आहे.

बायकांचं वेगळं वाचा

म्हाताऱ्या पुरुषाला टाकायचं म्हणजे घराबाहेर काढावं लागतं, बाईला घरात ठेवूनच टाकता येतं. यासाठी माधविक्कुट्टी (म्हणजे कमला दास, मल्याळममध्ये त्या या नावानं लिहायच्या) यांची कोलाडु ही कथा. इतकी छोटी आहे की चहा निवायच्या आत वाचून होते. मध्यमवयीन एक बाई, भरलं घर, दिवसभर तिचं काम, वाळून काटकी झालेली, आणि कुणाचं लक्ष नाही. एक दिवस कोसळते, हॉस्पिटलात नेतात. तिथं ट्रॉलीवर मध्येच डोळे उघडते आणि म्हणते, अगंबाई, डाळ करपल्याचा वास येतोय.

नवऱ्याचे डोळे भरून येतात, तेव्हा कुठं.

ही कथा ग्रुपमध्ये मोठ्यानं वाचून दाखवायला उत्तम, कारण ऐकणाऱ्यांत कुणी ना कुणी उठून गॅस बघायला जातंच, खरंच. त्या बाईला कुणी वृद्धाश्रमात ठेवलेलं नाही, कुणी वाईट बोललेलं नाही, घर चांगलं खातंपितं आहे. मग टाकलं कधी? तारीख सांगता येत नाही. हाच प्रश्न घेऊन मग बाकीच्या कादंबऱ्यांमधल्या आज्या बघा, कोण कुठं बसते, तिला जेवायला कधी वाढतात, तिच्याशी कुणी बोलतं का की तिच्या देखत तिच्याबद्दल बोलतं.

सगळंच असं जड वाचत सुटलात तर दोन आठवड्यांत कंटाळून सोडून द्याल, म्हणून मध्ये वैकम मुहम्मद बशीर घ्या. न्टुप्पुप्पाक्कोरानेण्डार्न्नु, १९५१ ची, नाव बघून घाबरू नका, 'माझ्या आज्याचा हत्ती होता' एवढाच अर्थ, आणि आर. ई. ॲशर यांचं इंग्रजी भाषांतर सहज मिळतं. नायिकेच्या बापावर त्याच्या बहिणींनी कोर्टात दावा लावलाय, घर हरलेत, झोपडीत आलेत, तरी तिच्या उम्माचं चालूच, माझ्या बापाचा केवढा मोठा हत्ती होता! हसू येतं आणि मग लक्षात येतं की तिच्याकडं आता तो हत्तीच उरलाय, आणि शेजारची पोरं म्हणतात तो हत्ती नव्हता, मातीतला किडा होता. बशीर म्हातारपणाचा अपमान असा हसत हसत लिहून जातो.

एम. मुकुंदन यांची मय्यष्षिप्पुष्षयुडे तीरंगळिल (१९७४) मोठी आहे, सवडीनं घ्या. माहे या फ्रेंच वसाहतीतली गोष्ट, तिथं फ्रेंच १९५४ पर्यंत होते. गोव्याच्या वाचकांना ती जास्त जवळची वाटेल, साहेब जाणार म्हणून आनंद आणि साहेब गेल्यावर ओकंबोकं वाटणं हे दोन्ही ज्या घरांनी बघितलंय त्यांना. यातला दासन शिकलेला, आईबापाची सगळी भिस्त त्याच्यावर, आता हा नोकरीला लागेल आणि आपले दिवस बदलतील. तो नोकरीकडं पाठ फिरवून स्वातंत्र्यलढ्यात जातो. आता याला दगा म्हणायचं का? आईबापाच्या बाजूनं बघितलं तर हो. देशासाठी घर सोडणाऱ्यांच्या घरी म्हातारे काय खात होते हा प्रश्न आपण आपल्या क्रांतिकारकांबद्दल फारसा विचारत नाही, मुकुंदन विचारतात.

वृद्धाश्रम, गल्फ आणि नंतरचं

इथं जरा भराभर जातो, कारण हे आपल्याला ओळखीचं आहे. २०११ च्या जनगणनेत साठीच्या वरचे लोक देशात ८.६ टक्के, महाराष्ट्रात ९.९ आणि केरळात १२.६. पोरं आखातात नाहीतर अमेरिकेत, गावी मोठं टाइल्सचं घर आणि त्यात दोन माणसं. खेड-चिपळूणकडच्या ज्या घरांतून पिढ्यानपिढ्या माणसं दुबई-कुवेतला गेलीत त्यांना हे वेगळं सांगायला नको. गुरुवायूरच्या देवळापाशी आईबापाला सोडून जातात अशा बातम्याही तिकडं येत असतात.

या भागासाठी सिनेमा सोपा पडतो. पद्मराजन यांचा तिंकळाष्च नल्ल दिवसम (१९८५) बघा, मुलं-सुना-नातवंडं आईच्या वाढदिवसाला गावी जमतात, आणि त्याच सुट्टीत धाकटा जुनं घर विकायचं काढतो, आईची सोय वृद्धाश्रमात. बघताना सबटायटलवर डोळे चिकटवून बसू नका, आईचं काम करणाऱ्या कवियूर पोन्नम्मा यांचा चेहरा बघा, घर विकायचं ठरतं तेव्हा कॅमेरा कुणावर आहे ते बघा. आणि धाकटा वाईट वाटत नाही हे लक्षात घ्या, तो हिशेबी आहे, त्याचा हिशेब चुकीचाही नाही. मग त्याच्यानंतर हलकं म्हणून अँड्रॉइड कुंजप्पन व्हर्जन ५.२५ (२०१९), पय्यन्नूरचा हट्टी म्हातारा, रशियात नोकरीला गेलेला मुलगा, आणि मुलगा बापासाठी घेऊन येतो रोबो. म्हाताऱ्याचा त्या रोबोवर इतका जीव जडतो की मुलगाच परका होतो, टाकलं कुणी कुणाला हे इथं उलटंच झालंय.

टी. व्ही. कोच्चुबावा यांची वृद्धसदनम् ही कादंबरी मात्र सगळ्यात शेवटी. वृद्धाश्रमातच घडते, आणि तिथं आलेली माणसं साधीभोळी बिचारी नाहीत, हेवेदावे, वासना, कावेबाजपणा सगळं घेऊन आलेली आहेत. आधीचं काही न वाचता ही उचलली तर नुसती काळी वाटेल.

आणि एक, २००७ चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा मध्ये आणू नका. ज्येष्ठांना टाकून दिलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, सांभाळायच्या अटीवर दिलेली मालमत्ता परत घेता येते, हे सगळं खरं आहे आणि घरात कुणाला गरज असेल तर जरूर वापरा. पण कट्ट्यावर चर्चेत कुणीतरी वकील निघतोच आणि म्हणतो, त्यानं ट्रिब्युनलकडं अर्ज करायला हवा होता. पप्पूनं? १९४२ साली?

चर्चा ठेवणार असाल तर एका वेळी एकच पुस्तक, आणि सुरुवातीलाच सांगून टाका की 'हल्लीची पिढी' हे शब्द काढायचे नाहीत. ज्याला काढायचेत त्यानं चहाचे पैसे भरायचे. त्याऐवजी प्रत्येकानं एकाच पात्राची बाजू घ्यायची आणि तीही टाकणाऱ्याची, म्हणजे कुणी लक्ष्मी, कुणी अप्पुण्णी, कुणी तो घर विकणारा धाकटा. ज्येष्ठ मंडळींना तरुण पात्रं द्या आणि तरुणांना कारणवर द्या, उलट नको, नाहीतर जो तो आपल्या घरचं गाऱ्हाणं सांगत बसतो आणि पुस्तक राहतं बाजूला. कोलाडुला मात्र बाजू वाटू नका, ती नुसती वाचा आणि त्या दिवशी चहा पुरुषांना करायला लावा.